जांघेतली आणि गुप्तांगावरची न जाणारी खाज: पुरुषांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार दिवसांत गेलेल्या खाजेबद्दल कोणी काही विचारत नाही. खालचे प्रश्न महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या खाजेबद्दलचे आहेत. मलम लावलं की दबते आणि सोडलं की दुप्पट जोराने परतते, अशी ही खाज. जांघ, अंडकोषाची पिशवी, लिंग आणि पुढची कातडी या चारही जागांचा इथे विचार केला आहे.

इतके महिने झाले, इतकी मलमं झाली, तरी खाज का जात नाही?

बहुतेक वेळा कारण या तिन्हींपैकी एक असतं. आजार एक आणि औषध दुसऱ्याचं, हे पहिलं. औषध बरोबर, पण बरं वाटताच सोडलेलं, हे दुसरं. तिसरं म्हणजे आता औषधच त्रास देतंय. मूळचा नायटा कधीच गेलेला असतो आणि उरलेली आग साबण, जंतुनाशक, लोशन आणि स्टेरॉइडची असते. अनेकांच्या बाबतीत ही तिन्ही कारणं याच क्रमाने एकामागून एक घडलेली आढळतात. म्हणून नवी ट्यूब घेण्याआधी जुनी बंद करून नेमकं काय झालंय ते शोधायचं.

काय झालंय याचा अंदाज घरी बांधता येतो का?

थोडाफार येतो. उजेडात आरसा घेऊन बसा आणि आधी जागा बघा.

जांघेच्या घडीपासून मांडीच्या आतल्या बाजूला पसरत जाणारा चट्टा, कडा उंच आणि लालसर, मध्ये त्वचा साफ होत आलेली, कडेला बारीक कोंडा: हा नायटा, म्हणजे गजकर्ण. तो सहसा अंडकोषाची पिशवी सोडून देतो. ही खूण फार उपयोगी आहे. पिशवीसकट सगळं लाल, ओलसर आणि चट्ट्याबाहेर सुटे सुटे लाल ठिपके किंवा पुटकुळ्या असतील तर कँडिडा या बुरशीचा संशय घ्यायचा. कड उंच नाही, जांघेत सपाट तपकिरी डाग आहे, खाज जेमतेम: तो एरिथ्राज्मा नावाचा जिवाणूचा संसर्ग असू शकतो. वुड्स लॅम्पच्या (डॉक्टरांकडच्या अतिनील किरणांच्या दिव्याच्या) उजेडात तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. बुरशीनाशक मलमावर महिने घालवण्याऐवजी त्याला क्लिंडामायसिनसारखं जिवाणूविरोधी औषध लावलं की काम होतं.

फक्त पिशवीची कातडी जाड, सुरकुतलेली, हत्तीच्या कातडीसारखी झाली असेल तर ती खाजवून खाजवून झालेली असते. मूळ कारण केव्हाच निघून गेलेलं असतं, सवय राहते.

सोरायसिस इथे फसवतो. कोपर-गुडघ्यावर त्याचे पांढरे पापुद्रे सुटतात, पण जांघेत घामामुळे पापुद्रा टिकत नाही. चट्टा गुळगुळीत, लालभडक आणि आखीव दिसतो आणि सगळे त्याला नायटा म्हणतात. डोक्यात कोंड्याचे जाड थर, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे किंवा बेंबीत लाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि लिंगमुंडाच्या कडेने ओळीत असलेले मोत्यासारखे बारीक दाणे, किंवा लिंगाच्या कातडीतले पिवळसर रव्याएवढे ठिपके, हे आजार नाहीत. त्यांना काहीही लावू नका.

मेडिकलमधून एक मलम मिळतं, दोन दिवसांत खाज बंद होते. मग ते लावायला काय हरकत?

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत एखादं बुरशीनाशक, एखादं जिवाणूनाशक, कधी चौथंही काहीतरी. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडमुळे. स्टेरॉइड त्वचेची प्रतिकाराची प्रतिक्रिया दाबतं, म्हणून लाली आणि खाज जाते. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. मलम थांबवलं की चट्टा मोठा होऊन परत येतो, पुन्हा तेच मलम, पुन्हा दोन दिवसांचा आराम. काही महिन्यांत नायट्याचं रूपच बदलतं. उंच कड पुसट होते, चट्ट्याच्या आत दुसरा चट्टा उमटतो आणि अनुभवी डॉक्टरही क्षणभर गोंधळतात.

यात जागेचाही दोष आहे. अंडकोषावरची कातडी फार पातळ असते. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेतून किती शोषलं जातं हे १९६७ मध्ये मोजलं गेलं, तेव्हा हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोषावर ते सुमारे ४२ पट निघालं. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड. क्लोबेटासोल तर सगळ्यात जहाल गटातलं. ते जांघेत महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला गर्भवतीच्या पोटावर पडतात तसे रुंद पट्टे पडतात. ते पट्टे कालांतराने फिके होतात, पण पूर्ण पुसले जात नाहीत.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा शेड्यूल एचमध्ये आणली. त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना त्याआधीपासून यासाठी ओरडत होती. तरी काउंटरवर ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की काय हातात पडतं, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

मी असं मलम वर्षभर लावतोय. आजच सोडू का?

एखादा-दुसरा आठवडाच लावलं असेल तर सोडून द्या. कित्येक महिने रोज लावलं असेल तर सोडल्यावर काही दिवसांत कातडी लालबुंद होऊन भाजल्यासारखी आग होऊ शकते. ती पाहून माणूस घाबरतो आणि पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ही आग आजार बळावल्याची नसते, औषध सुटल्याची असते. ती ओसरायला काही आठवडे, जुन्या वापरात काही महिनेही लागतात. म्हणून असं सोडणं त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावं. ते सौम्य स्टेरॉइडवर उतरवत नेतील, किंवा टॅक्रोलिमस देतील. टॅक्रोलिमस स्टेरॉइड नाही. लावल्यावर पहिले चार-पाच दिवस ते चुरचुरतं, मग सवय होते. हे आधी ठाऊक नसलं की लोक दुसऱ्याच दिवशी ते फेकून देतात.

आज रात्रीपासून काय करू?

जास्तीत जास्त काढून टाकायचं आहे, घालायचं फार कमी.

जंतुनाशक द्रव, सुगंधी साबण, पावडर, ओले टिश्यू, डिओ आणि डॉक्टरांनी न दिलेलं प्रत्येक मलम बंद (महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइड मात्र वर सांगितल्याप्रमाणे, देखरेखीखाली). दिवसातून एकदा, फार घाम आला तर दोनदा, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचं. साबण हवाच असेल तर बिनवासाचा, साबणविरहित बार वापरा आणि तोही जांघेपुरता. लिंगमुंडाला आणि पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला फक्त पाणी. कातडी सहज मागे जात असेल तेवढीच मागे घ्या, धुवा, टिपून कोरडी करा आणि आठवणीने पुढे आणा. पाचवेळा धुणारा माणूस स्वच्छतेच्या नावाखाली कातडीतलं तेल उपसत असतो. त्याची खाज वाढतच जाते.

पुसताना घासायचं नाही, टिपायचं. जांघेची घडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय कपडे नकोत. घाई असेल तर टेबल फॅनसमोर दोन मिनिटं उभं राहा. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवरच.

आतले कपडे सुती आणि ढगळ, रोज दोन जोड. रात्री झोपताना लुंगी किंवा सैल पायजमा, आत काही नाही. जीन्स काही आठवडे कपाटात ठेवा.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, दमट चड्डी तशीच चढवली जाते. तिला उलटी करून शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा. ऊन असेल तेव्हा उन्हातही उलटीच वाळत घाला. टॉवेल वेगळा, आणि नायटा असेल तर तुमचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत भिजवू नका. पाणी शक्य तेवढं गरम, ६० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. इंग्रजांनी या आजाराला धोब्याचं नाव चिकटवलं होतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घरातल्या घरात, एकाच टॉवेलने आणि एकाच बादलीने फिरतो.

कंबरेचा करदोटा काढावा लागेल का?

हो, निदान उपचार चालू असेपर्यंत. करदोटा कधीच पुरता वाळत नाही, कंबरेवर घासत राहतो आणि बुरशी त्या धाग्यात टिकून राहते. जांघ बरी झाली तरी कंबरेच्या पट्ट्यातून चट्टा पुन्हा सुरू होतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर नवा, कोरडा दोरा आजार पूर्ण गेल्यावर बांधा. चांदीचा असेल तर उकळत्या पाण्यातून काढून, कोरडा करून मग घाला. तालमीतला लंगोट, क्रिकेटचा सपोर्टर आणि व्यायामाची घट्ट चड्डी यांनाही हाच नियम: प्रत्येक वापरानंतर धुतलेली आणि खडखडीत वाळलेली, दुसऱ्याची कधीच नाही.

पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांचाही उपचार एकाच वेळी करा. तीच बुरशी चड्डी घालताना पायावरून जांघेत येते. तोवर मोजे आधी आणि चड्डी नंतर घाला.

नायट्याचं मलम किती लावायचं, कुठवर, किती दिवस?

नुसतं बुरशीनाशक असलेलं मलम हवं. लुलिकोनॅझोल, सर्टाकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोल ही त्यातली नेहमीची नावं. लुलिकोनॅझोल दिवसातून एकदा पुरतं, क्लोट्रिमॅझोल दोनदा लागतं.

माप असं: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम होते. तेवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांचा मध्यम चट्टा असेल तर एका वेळेला दोन रेघा, म्हणजे १ ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तरी महिन्याला ३० ग्रॅम लागतात. १० ग्रॅमची एक ट्यूब दीड महिना पुरवली असेल तर औषध लागलं नाही म्हणण्यात अर्थ नाही. ते पुरेसं लावलेलंच नव्हतं.

चट्ट्याच्या कडेच्या बाहेर २ सेंटीमीटर निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावा. बुरशी कडेवर जिवंत असते आणि बाहेर सरकत असते. मधला भाग तिने आधीच सोडलेला असतो. बाहेरून आत असं लावा, नंतर हात धुवा. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी २ आठवडे चालू ठेवा. या २ आठवड्यांचीच सगळे चोरी करतात.

गोळ्यांचा कोर्स केला, तरी परत आला. बुरशी औषधाला दाद देत नाही असं असतं का?

असतं. गेल्या दशकात भारतात नायट्याची एक चिवट जात पसरली. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे स्वतंत्र नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच बुरशींवर टर्बिनाफिन हे औषध नीट चालत नाही, कारण बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) ते घाव घालतं त्याच्या जनुकात बदल झालेले असतात. त्यामुळे पूर्वी टर्बिनाफिनच्या दोन आठवड्यांत संपणारं प्रकरण आता इट्राकोनॅझोलवर साधारण ४ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं.

पण प्रत्येक अपयश बुरशीच्या माथी मारू नका. इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची असते. तिला विरघळायला आम्ल लागतं, आणि सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ते आम्लच कमी असतं. मग औषध अंगी लागत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, हृदयाचे ठोके नियमित करणारी काही औषधं यांच्याशी तिचं जमत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना ती टाळतात. यकृताचा त्रास असेल तर आधी रक्त तपासतात. म्हणून मित्राला लागू पडली म्हणून ती स्वतःहून घ्यायची गोष्ट नाही. आणि घरात आणखी कोणाला नायटा असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी. नाहीतर एक बरा होईतो दुसरा त्याला परत देतो.

पुढच्या कातडीखाली पांढरा थर, लाली, आणि मागे घेताना चिरा पडतात. हे काय?

मधुमेहाची तपासणी करा. मोठ्या वयात पहिल्यांदाच असं होत असेल तर साखर वाढल्याची ती पहिली खूण असू शकते. लघवीतून साखर उतरते, कातडीखाली ओल राहते आणि कँडिडाला आयतं जेवण मिळतं. उपाशीपोटी साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त, हा मधुमेहाचा उंबरठा आहे. एकदा असं आलं तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

मधुमेह आहेच आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर गोष्ट आणखी सरळ आहे. ही औषधं साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात. ती हृदय आणि मूत्रपिंडासाठी चांगली आहेत, तेव्हा आपल्या मनाने बंद करू नका. प्रत्येक लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपलं तर पुष्कळांचा त्रास थांबतो. तरीही वारंवार होत असेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संकोचामुळे हे बोललंच जात नाही.

उपचार म्हणजे क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, ७ ते १४ दिवस. तीव्र असेल तर डॉक्टर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. बायकोला खाज किंवा पांढरं जाण्याचा त्रास असेल तर तिचीही तपासणी त्याच सुमाराला व्हावी. फार लाल आणि ओलं असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा पाच मिनिटं धुतल्याने आराम पडतो. पोटॅशियम परमँगनेटचे खडे मात्र अंदाजाने टाकू नका. न विरघळलेला खडा कातडी जाळतो.

कातडी हळूहळू घट्ट होत चालली आहे, टोकाला पांढरट डाग आहे.

हा लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. वाट बघू नका. यात कातडी पांढरी, चिवट होते, मागे जाईनाशी होते आणि पुढे लघवीची धारही बारीक होऊ शकते. फार थोड्यांत का होईना, त्या जागी कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते.

इथे एक उलटी गोष्ट आहे. वर ज्या क्लोबेटासोलला नावं ठेवली, तेच इथे योग्य औषध असतं. निदान झालेलं असतं, जागा आखलेली असते, मात्रा मोजलेली असते आणि सहसा दिवसातून एकदा १ ते ३ महिने असा हिशेब असतो. ट्यूब तीच, पण तिच्यामागे निदान आहे. त्याने भागलं नाही तर सुंता करतात, आणि पुष्कळांना तिचा उपयोग होतो.

एखादी गोळी घेतली की दर वेळी लिंगावर त्याच जागी काळपट-लाल चट्टा येतो. योगायोग?

योगायोग नाही. ही औषधाची ॲलर्जी आहे, आणि लिंगमुंड ही तिची आवडती जागा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ती जागा चुरचुरते, गोल चट्टा किंवा फोड येतो, आठवड्या-दोन आठवड्यांत भरतो आणि काळा डाग मागे राहतो. पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. कोट्रायमोक्साझोल, जुलाबासाठी दिली जाणारी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, अंगदुखीच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन हे नेहमीचे गुन्हेगार. क्वचित फ्लुकोनॅझोलही, आणि तेव्हा खाजेवर दिलेली गोळीच खाज आणते.

लोक याला गुप्तरोग समजून महिनोन्‌महिने कुढत बसतात. चट्टा येण्याआधीच्या २४ तासांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी लिहून काढा. दोन वेळांत जे नाव समान, ते बहुधा कारण. ते नाव पाकिटात लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

खाज रात्रीच जास्त असते आणि घरात इतरांनाही सुरू झाली आहे.

खरूज. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती पुरळ असतं, आणि पुरुषांत लिंगावर व अंडकोषावर खाजऱ्या गाठी येतात. या गाठी दिसल्या की अर्धं निदान झालं.

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, गुप्तांगावर, कुठेही जागा न सोडता रात्री लावायचं. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम लागतं. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. तान्ही बाळं आणि गर्भवती असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अंथरूण-पांघरूण आणि तीन दिवसांतले कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा.

किडे मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहते, गाठी त्याहून जास्त. म्हणून दर दोन दिवसांनी पर्मेथ्रिन चोपडत बसू नका. त्याने वेगळीच आग सुरू होते.

दिसत काहीच नाही, पण आग होते. किंवा खाजवल्याशिवाय झोपच लागत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी. खाज आणि जाड कातडी असेल तर खाजवण्याचं चक्र तोडायला हवं. नखं बारीक कापा, संध्याकाळी सेटिरिझिन १० मिलिग्रॅमसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या (गाडी चालवायची असेल तर जपून, पेंग येते), खाज सुटली की थंड ओलं फडकं पाच मिनिटं धरा. डॉक्टर मोजक्या दिवसांचं मध्यम स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस देतील. झोपेत खाजवणाऱ्यांना सुती हातमोजे हा हास्यास्पद वाटणारा उपायही कामाला येतो.

खाज नाही, नुसती आग, पिशवी लाल आणि गरम, कपड्याचा स्पर्शही नकोसा: बहुतेक वेळा मागे स्टेरॉइडचा लांब वापर असतो. तोही नसेल तर कमरेतून येणाऱ्या नसांचा प्रश्न असू शकतो. मग मलमाचा उपयोग नसतो. नसांवर काम करणारी गॅबापेंटिनसारखी औषधं वापरतात.

लिंबू, हळद, कडुनिंबाचा पाला, लसूण, रॉकेल?

लिंबू, लसूण आणि रॉकेल यांनी रासायनिक जखम होते. लिंबाने लागलेली आग म्हणजे औषध लागू पडलं, ही समजूत सोडा. जोरात झोंबणारी काही जुनी लोशनंही याच कुळातली असतात. त्यांतलं सॅलिसिलिक आम्ल जाड तळव्याला ठीक, अंडकोषाची कातडी ते सोलून काढतं. हळदीने चट्ट्याचा रंग बदलतो आणि डॉक्टरला काही दिसत नाही. कडुनिंबाच्या पाण्याने कोणाला थंड वाटत असेल तर हरकत नाही, पण त्याने चिवट नायटा जात नाही.

हा लैंगिक आजार तर नसेल?

वरचे बहुतेक आजार नाहीत. पण बारीक फोडांचा झुपका येऊन फुटला, दुखला, तर हर्पिस असू शकतो. न दुखणारा एकच टणक व्रण सिफिलिसचा असू शकतो. तो आपोआप भरतो आणि आजार आत तसाच राहतो. नवीन संबंधांनंतर व्रण, चामखिळी, लघवीच्या वाटेतून स्राव किंवा जांघेत गाठ आली तर तपासणी कराच. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात आणि नाव गुप्त ठेवलं जातं. १०९७ या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारता येतं.

संबंध ठेवावेत का?

चिरा, फोड किंवा ओल असेपर्यंत थांबा. हस्तमैथुनात कोरडं घर्षण आणि थुंकी दोन्ही टाळा. मलम, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लागलं की रबराचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. प्रत्येक वेळी कंडोम वापरल्यानंतरच आग होत असेल तर रबराची किंवा त्यावरच्या द्रवाची ॲलर्जी तपासून घ्या. पॉलियुरेथेनचे कंडोम मिळतात.

लगेच रुग्णालय गाठावं असं कधी?

अंडकोष किंवा गुदद्वाराभोवती भयंकर वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, ताप, दुर्गंध, कातडी काळी-निळी पडणं: हा मांस सडवणारा संसर्ग असू शकतो. मधुमेहींमध्ये तो जास्त दिसतो आणि तासातासाने पसरतो. रात्र असली तरी निघा.

पुढची कातडी मागे जाऊन अडकली, मुंड सुजलं, कातडी पुढे येईना: हीसुद्धा तातडीची गोष्ट. लघवी अडली तरी तसंच.

लिंगावरचा लाल किंवा मखमली चट्टा, व्रण किंवा कडक गाठ योग्य उपचार करूनही ४ ते ६ आठवड्यांत गेली नाही तर तुकडा काढून तपासायला सांगा. जागा बधिर करून ३-४ मिलिमीटरचा तुकडा घेतात. पन्नाशीपुढे तर यात चालढकल नकोच.

डॉक्टरकडे जाताना काय तयारी करू?

वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत भरून न्या. ‘पांढरी, निळ्या झाकणाची’ यावरून कोणालाच काही कळत नाही. चट्टा सगळ्यात वाईट असतानाचा फोटो काढून ठेवा. बुरशीची तपासणी व्हायची असेल तर बुरशीनाशक मलम एक-दोन आठवडे आधी थांबवावं का, ते फोन करून विचारा. चालू मलमामुळे बुरशी असूनही अहवाल कोरा येतो. तपासणी साधी आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही. कल्चर लावलं, म्हणजे प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवून बघितली, तर अहवालाला २ ते ४ आठवडे लागतात. आदल्या दिवशी वस्तरा फिरवून, पावडर लावून जाऊ नका. केस कापायचेच तर ट्रिमरने, थोडे ठेवून.

मी परदेशात असतो. इथले डॉक्टर टर्बिनाफिनच देतात.

भारतात जाऊन आलात किंवा घरी कोणी येऊन गेलं असेल तर ते सांगा. तिथल्या नेहमीच्या नायट्यावर टर्बिनाफिन चांगलं चालतं, म्हणून ते आधी दिलं जातं. इंडोटिनीचा पहिला अमेरिकी अहवाल २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधून आला. हे नाव उच्चारून कल्चर आणि औषधसंवेदनशीलता तपासायला सांगितलंत तर काही महिने वाचतील. भारतातून येणाऱ्या पाहुण्याकडून स्टेरॉइडवाली ट्यूब मागवणं मात्र थांबवा.

खाज गेली, पण काळा डाग राहिला.

दाहानंतरचा रंग आहे. फिका व्हायला ३ ते ६ महिने, गडद वर्णावर जास्तही लागतात. हात लावल्यावर कातडी मऊ असेल, कडेला कोंडा नसेल आणि खाज नसेल तर उपचार संपले आहेत. गोरं करणारी क्रीम तिथे लावू नका, तिच्यात बऱ्याचदा पुन्हा तेच स्टेरॉइड असतं.